घुंगुरकाठीवरचे घरटे

एका पत्राला उत्तर गेले नव्हते. पत्र माझे नव्हते. मी एक जुनी काठी आहे, मला कोण पत्र लिहिणार? पण तीस वर्षे ज्या गोमाजीच्या हातात मी होते, त्याला ते आले होते. परसाकडच्या पडवीत, माझ्या शेजारच्या कोनाड्यात, ते घडी घालून ठेवलेले असे. गोमाजी येता-जाता त्याच्याकडे बघे आणि मान फिरवी. मित्रांनो, ही एकतीस सालच्या चैत्र-वैशाखातली गोष्ट. ती मला नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. फार बोलायची सवय मला नाही, आणि जे बोलले ते घुंगरांनी बोलले.

मी आंबेनळी घाटातल्या भरीव वेळूची. पोलादपूरच्या लोहाराने माझ्या पायाला लोखंडी टोक बसवले आणि महाडच्या कासाराकडून आणलेली पितळी घुंगरे माझ्या माथ्याशी बांधली. मी सरकारी टपालाची घुंगुरकाठी झाले. गोमाजी हलकारा होता, म्हणजे टपालाची थैली पाठीला बांधून पळत नेणारा माणूस. पोलादपूरहून निघायचे, अर्ध्या घाटातल्या चौकीवर थैली पुढच्या हलकाऱ्याला द्यायची, वरून आलेली थैली घ्यायची आणि परतायचे. माझ्या आवाजाने वाटेतले जनावर बाजूला होई आणि माणसे मात्र पुढे येत.

"गोमाजी, आमचं काय हाय का रे?" असे शेतातून कुणी ओरडे.

"पोस्टमास्तर सांगतील!" असे म्हणत तो पुढे गेलेला असे.

थैली थांबवायची नाही, हा त्याचा एकच नियम. ऊन असो, ओढा फुगलेला असो, अंगात ताप असो. पोलादपुरात लोक म्हणत, गोमाजीच्या घुंगरांवर घड्याळ लावावे. ते ऐकून मी फुलून जाई. तो अभिमान बरा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मग मोटार आली. महाडचा दिलावर नावाचा तरुण ती चालवी, आणि टपालाची थैली त्याच्या शेजारच्या बाकावर बसून घाट चढू लागली. गोमाजीने पट्टा आणि बिल्ला परत केला. मलाही त्याने पुढे केले, तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "काठी राहू दे तुझ्याकडे. तिचं आम्ही काय करायचं?" त्या दिवसापासून मी पडवीत दोन खुंट्यांवर आडवी पडले. घुंगरांवर कुणीतरी सुंभाचे वेटोळे ठेवून दिले. दोन वर्षे मला कुणी हात लावला नाही. समोर परस दिसे: शेवगा, दोन केळी, अळूचा वाफा आणि विहीर. तेवढेच.

गोमाजीचे घर रस्त्याला लागून, घाट सुरू होण्याच्या आधी. मोटारीला पाणी पाजायला दिलावर रोज सकाळी डबा घेऊन आमच्या विहिरीवर येई. गोमाजी त्याच्याशी फारसे बोलत नसे. ज्याने आपली वाट घेतली त्याच्याशी काय बोलायचे? पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दिलावरने पोस्टातून त्याचे पत्र आणले आणि वाचूनही दाखवले, कारण गोमाजीला अक्षर येत नव्हते. हजारो पत्रे वाहिली, पण वाचले एकही नाही.

पत्र आवडीचे होते, त्याच्या एकुलत्या लेकीचे. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. तिने लिहिले होते, "तीर्थरूप बाबांस नमस्कार. मला आता सातवा लागेल. इथे चाळीत बघणारे कोणी नाही. वैशाखी पुनवेनंतर आठवा लागेल, मग मला कोणी हलू देणार नाही. त्यापुढे पावसाळ्यात बोटी बंद होतील. मी बाळंतपणाला घरी येऊ का?"

तुम्हाला माहीत असेल, पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि त्याचे बोलावणे माहेराहून जायचे असते. ते गेले नव्हते. म्हणून लेकीला विचारावे लागले होते.

"लिहू उत्तर, काका?" दिलावरने विचारले.

"बघू," गोमाजी म्हणाला. पत्र कोनाड्यात गेले.

त्याच आठवड्यात माझ्याकडे पाहुणे आले. पुस्तकात त्यांना होले म्हणतात, आमच्याकडे कवडे. मानेवर तिळाएवढे पांढरे ठिपके आणि चालताना मान पुढे-मागे. त्यातला नर शेपटीचे एक पीस मोडलेला होता. तो माझ्या अंगावर बसून गळा फुगवी, वाकून वाकून नमस्कार घाली आणि घुमे. मादीने सुंभाचे वेटोळे पसंत केले. मग नराने काड्या आणायला सुरुवात केली. एका वेळी एकच काडी. चाळीस-पन्नास काड्यांत त्यांचे घरटे झालेदेखील. खालून बघितले तर आरपार दिसे. त्यात दोन पांढरी अंडी आली. आयुष्यभर मी वाजत आले होते, आता न वाजता राहणे हे माझे काम झाले. ते मला जमेल का, अशी भीती वाटे.

गोमाजीची थोरली बहीण ठमाबाई शेजारीच राहायची. तिने घरटे बघितले आणि तडक झाडू घेऊन आली.

"कवडा घरात शिरला, गोमा! घर ओस पडतं. काढ आधी ते."

"राहू दे, आक्का. अंडी हायत."

"म्हणून तर म्हणते. पोटुशी लेक यायची घरात नि हे असलं!"

"ती येत नाय."

"येत नाय, का तू बोलवत नायस?" तिने झाडू वर केला. गोमाजी तिच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला. ठमाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "वा रे वा! पाखरांना जागा हाय तुझ्या घरात. पोरीला नाय."

गोमाजी हळूच म्हणाला, "आक्का, येसू काय म्हणाली होती गो शेवटी?"

येसू म्हणजे त्याची बायको. आवडी चार वर्षांची असताना, श्रावणात, येसू दुसऱ्या बाळंतपणात याच घरात गेली. बाळही गेले. गोमाजी तेव्हा थैली घेऊन घाटात होता. हा प्रश्न त्याने अठरा वर्षांत कुणाला विचारला नव्हता.

ठमाबाईने झाडू खाली घेतला. "काय म्हणायची? तुझी घुंगरं ऐकत होती. वळणं मोजत होती. आवाज ऐकू येईना झाला तशी म्हणाली, आता चौकीवर पोचतील, मग फिरतील माघारी."

मित्रांनो, तो आवाज माझा होता. त्या दिवशी मी नेहमीसारखीच जोरात वाजत होते. मला काही ठाऊक नव्हते. पण ठाऊक नव्हते म्हटले म्हणून मन राहते थोडेच?

ठमाबाई झाडू घेऊन निघून गेली. घरटे काढ असे ती पुन्हा म्हणाली नाही.

त्यानंतर गोमाजी दिवसचे दिवस पडवीत बसू लागला. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सकाळी ऊन वर चढले की मोडक्या पिसाचा नर येई, मादी उठून चरायला जाई, आणि ऊन कलेपर्यंत तो अंड्यांवर बसून राही. वारा तापला तरी चोच उघडी टाकून बसलेलाच.

"आक्का, दिवसभर बाप बसतो गो!"

"गप रे! बाप्ये कुठले बसतात?" ठमाबाई तांदूळ निवडायचे निमित्त करून पडवीत बसली. दुपार झाली, तांदूळ दोनदा निवडून झाले, नर हलला नाही. "मेल्याला दुसरा कामधंदा नाय," ती म्हणाली, पण अगदी हळू, त्याला ऐकू जाऊ नये असे.

पिल्ले निघाली. पिवळट केसांची, आंधळी, चोचच चोच. खरे सांगायचे तर कुरूप. पण आईबापाच्या घशात चोच घालून ती जेवू लागली की गोमाजी स्वतःच्या ताटावरून उठून बघायला येई. इकडे दिलावर रोज डबा बुडवताना विचारी, "काका, लिहू का?" आणि गोमाजी रोज म्हणे, "बघू."

"पोस्टाचा माणूस तुम्ही! पत्राचं मोल मी सांगायचं तुम्हाला?"



पिल्ले आठ दिवसांची असताना दुपारी वळवाचा पाऊस आला. परसाकडून झड थेट पडवीत शिरू लागली. नर पंख पसरून पिल्लांवर बसला, पण काड्यांचे ते घरटे हलायला लागले, त्याच्याबरोबर मीही. गोमाजीने घोंगडी काढली, दोन्ही हातांनी वर धरली आणि झडीला पाठ करून उभा राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. त्याचे हात थरथरायला लागले होते. घाटातून उतरलेला दिलावर पावसामुळे अडकला, तो भिजत आत आला.

"काका! हे काय चाललंय?"

"झड येते रे आत."

दिलावर हसायला लागला, मग त्याने गोमाजीचे हात बघितले आणि हसू आवरले. "सरका. मी धरतो. बसा तुम्ही."

गोमाजी खाली बसला. दिलावर घोंगडी धरून उभा, तोंड भिंतीकडे. समोर तोंड नव्हते म्हणून असेल, पण गोमाजी बोलला.

"आवडीला काय लिहू रे? तिची आय ह्याच घरात गेली. मी घरात नव्हतो. परत तसं झालं तर?"

"तेव्हा नव्हतात."

"नव्हतो. थैली होती."

"थैली आता माझ्याकडे हाय, काका," दिलावर म्हणाला. "माझ्या मोटारीनं तुम्हाला घरी बसवलं. दोन वर्षं मला मनात शिव्या घालताय, कळतं मला. पण बसवलंय ना घरी? मग आता तुम्ही असणार कुठं?"

पाऊस थांबला तेव्हा गोमाजीने दिलावरला अंग पुसायला स्वतःचे उपरणे दिले.

दुसऱ्या दिवशी दिलावर कार्ड घेऊन आला. दोघे पुढच्या अंगणात बसले, त्यामुळे काय लिहिले ते मला कळले नाही. लिहायला वेळ मात्र फार लागला नाही. मग पडवीत येऊन दिलावरने आवडीचा पत्ता दोनदा वाचून दाखवला, आणि कार्ड गोमाजीच्या पागोट्यात गेले. "मीच टाकीन पेटीत," तो म्हणाला.

टाकले नाही. ज्याने दुसऱ्यांचे टपाल तीस वर्षांत एक दिवस अडवले नाही, त्याने स्वतःचे पाच दिवस अडवले. सकाळी पागोटे बांधताना तो कार्ड काढी, हातात धरी आणि परत ठेवी. एकदा पिल्लांना म्हणाला, "बोलावलं नि काय झालं तर? नाय बोलावलं नि काय झालं तर?" पिल्ले काय सांगणार? त्यांना आता पिसे आली होती आणि घरटे पुरत नव्हते.

"काका, पुनव आठ दिवसांवर आली," सहाव्या दिवशी दिलावर म्हणाला. "दासगावच्या बंदरात बोटींचा आता भरवसा नाय." या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

त्याच सकाळी थोरले पिल्लू शेवग्यावर गेले. धाकटे माझ्या टोकाशी येऊन बसले, पंख उघडून पुन्हा मिटले. तासभर तेच. मोडक्या पिसाचा नर केळीच्या खाली उतरून घुमत राहिला. तो वर आला नाही आणि लांबही गेला नाही. शेवटी पिल्लू उडाले म्हणण्यापेक्षा पडलेच, अळूच्या पानांत. बाप चालत त्याच्यापाशी गेला आणि तिथेच त्याने त्याला भरवले.

गोमाजी उठला. रिकामे घरटे त्याने सुंभासकट उचलून खुंटीवर ठेवले, माझ्यावरची घाण ओल्या फडक्याने पुसली आणि मला हातात घेतले. त्याचे गुडघे आता धड नव्हते, चालायला आधार हवा होता. दोन वर्षांनी मला त्याचा तळवा लागला.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला काहीतरी सांगावे अशी रीत आहे. उपदेश करण्याची माझी लायकी नाही. पण तुमच्या परसात कवड्याने घरटे केले तर महिनाभर तेवढी जागा सोडून वावरा, महिनाच लागतो. आणि कुणी तुम्हाला "येऊ का?" असे विचारले असेल, तर तो माणूस रोज टपालाची वाट बघत असतो. मी तीस वर्षे अशी वाट बघणारी तोंडे पाहिली आहेत.

पोलादपूरच्या पोस्टात बाजाराच्या दिवसाची गर्दी होती. गोमाजी खिडकीशी गेला, पागोट्यातून कार्ड काढले आणि पोस्टमास्तरांपुढे धरले. त्याचे कान लाल झाले होते.

"मास्तर, एकदा वाचा. मोठ्यानं वाचा. बरोबर लिहिलंय का ते मला ऐकायचंय."

मागची माणसे पुढे सरकली. पोस्टमास्तरांनी चष्मा सारखा केला.

"चिरंजीव आवडीस आशीर्वाद. ये. मी घरी आहे."

त्यांनी कार्ड उलटून बघितले. "एवढंच, गोमाजी?"

"एवढंच."

त्याने कार्ड परत घेतले, बाहेर आला, आणि लाल पेटीच्या फटीत आपल्या हाताने टाकले.