बारीक पिन

मनुबाईनं भंगारवाल्याच्या सायकलीवरचं पोतं दोन्ही हातांनी ओढलं आणि अंगणात उपडं केलं. फुटकी घमेली, गंजके डबे, मिक्सरचं झाकण आणि त्यांच्याखाली काळ्या वायरींचा हा एवढा गुंता. पदर खोचून ती खाली बसली आणि गुंता उकलायला लागली.

“आवं मावशे, सौदा झालाय,” बाळासो भंगारवाला काकुळतीला आला. “काकांनी लसूण घेतलाय त्येच्यावर.”

“मग लसूण ने परत. माझ्या वस्तूचा सौदा करणारे काका कोण लागून गेले?”

काका म्हणजे मनुबाईचे यजमान नाथाजी सोप्यात खुर्चीवर पेपर धरून बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस दोरीवरचे टॉवेलसुद्धा एका रेषेत वाळत घालायचा. जुने चार्जर त्यांच्या डोळ्यांत कधीचे खुपत होते. आज बायको देवळात गेल्याचं बघून त्यांनी मोहीम फत्ते केली होती, पण ती वेळेआधी परतली.

“अगं, सरकार सगळ्या फोनला एकच पिन करायचं म्हणतंय,” पेपराआडून आवाज आला. “तिकडं युरोपात तर कायदाच झाला. मग ह्या वायरी साप पाळल्यागत कशाला ठेवायच्या?”

“आपल्यात हुईल तवा हुईल.”

“व्हायलाच पायजे! पलटणीत सगळ्यांच्या रायफलीला एकच गोळी. शेजारच्याची संपली, आपली दिली, काम झालं. ज्यानं त्यानं आपापल्या मापाची गोळी आणली असती, तर लढाई झाली असती व्हय?”

“आन् गावातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली केली तर? ते चालंल?”

नाथाजींनी पेपर खाली केला. त्यांच्या मदतीला वीरधवल धावला. हा त्यांचा मुलगा कुपवाडच्या कारखान्यात कामाला. सुट्टीला म्हणून आला होता.

“आई, दर फोनला नवा चार्जर हे कंपन्यांचं धंद्याचं गणित हाय. कायद्याबिगर त्या ऐकणार न्हाईत. आन् आता घरात सगळ्यांचेच फोन सी पिनचे. तुझा बी. मग ही बारीक पिन पायजे कुणाला?”

मनुबाईनं गुंत्यातून एक वायर ओढून काढली. तिला हवं ते सापडलं होतं. लांबसडक वायर, टोकाला सुईसारखी बारीक पिन. तिनं ती पदरानं पुसली, घडी घातली, लसणाचे गड्डे बाळासोच्या ओंजळीत टाकले आणि ती आत निघून गेली. बाळासोनं बाकीचं भंगार पोत्यात भरलं.

ती पिन हवी होती हरणाबाईला.

उसाची तोड झाली, की पूर्वेच्या दुष्काळी रानातून भाऊसो धनगराचा कळप दरसाल इकडं इस्लामपूरच्या बाजूला उतरायचा. हळद लावण्याआधी रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवायची. त्यांच्या लेंड्या-मुताचं खत असं, की पुढं हळद कमरेला लागते. त्यासाठी गावात चढाओढ. बदल्यात धनगराला धान्य द्यायचं, ही आज्या-पणज्यांपासूनची रीत. अलीकडं त्या रीतीला एक शेपूट जोडलं गेलं होतं, ते म्हणजे फोन चार्ज करून द्यायचा.

भाऊसोची बायको हरणाबाई हिचा बटणांचा फोन बारीक पिनचा. गावानं हळूहळू नवे फोन घेतले आणि ती पिन घराघरांतून नाहीशी झाली. उरली फक्त मनुबाईकडं. त्यामुळं कळप कुणाच्याही रानात बसलेला असो, दुपारी हरणाबाई मनुबाईच्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. फोन भरायला दोन तास लागायचे आणि त्या दोन तासांत दोघींचं वर्षभराचं साचलेलं बोलून व्हायचं. हरणाबाई वाटेतली गावं सांगायची, मनुबाई न सांगण्यासारखं सगळं सांगायची. घरात बोलायला माणसं नव्हती असं नाही, पण ती सरकार आणि रायफली ह्यांच्याविषयी बोलायची. गुडघा दुखतो, वीरधवलनं शहरात विश्रामबागेत बिऱ्हाड केल्यापासून तिन्हीसांजेला घर खायला उठतं, हे ऐकायला हरणाबाईच लागायची. आणि मग कशावरून तरी दोघी अशा हसत सुटायच्या, की नाथाजी सोप्यातून खाकरायचे.

दुसऱ्या दिवशी शेजारची क्रांती दही मागायला आली आणि जाता जाता म्हणाली,

“मामी, कळप आला. आमच्याच मागच्या रानात बसलाय. आन् हरणामावशींना त्यांच्या पोरानं, मल्हारनं, नवा फोन घेतलाय. सी पिनचा! मी म्हटलं, आता आमच्याकडंच लावत जावा, एवढं लांब कशाला चालताय?”

“बरं केलंस,” मनुबाई म्हणाली.

वाटीत दही जरा जास्तच पडलं. क्रांती गेल्यावर तिनं जपून ठेवलेली वायर फडताळातून काढली, बघितली आणि फ्रिजवर टाकून दिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सरकारचा मनापासून राग आला. अजून कायदा झालाही नव्हता, तरी आला.

दुपारी चहाचं आधण ठेवायचं नाही, असं ठरवून तिनं ते ठेवलं. दोनदा दाराशी जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली, तर बांधावरून हरणाबाई येत होती. तेच काठाचं लुगडं, तीच तुरुतुरु चाल, कमरेला फोनची तीच कापडी पिशवी. मागं मल्हार घोड्याला घेऊन विहिरीकडं वळला. घोड्याच्या पाठीवर बोचक्यांबरोबर एक काळी, चकचकीत पाटी बांधलेली होती.

“आक्का, वाळलीस गं!” हरणाबाईनं उंबऱ्यातच बैठक मारली.

“तू बरी हायेस न्हवं? ते घोड्यावर काय गं काळं?”

“मल्हाऱ्याचं खूळ. चा टाक.”

चहा झाला. बशीत फुंकर घालत हरणाबाई सांगायला लागली. मार्गशीर्षात कळप कऱ्हाडच्या अलीकडं होता. जुना फोन बंद पडला. दारोदार हिंडली, पण बारीक पिन कुणाकडंच निघाली नाही. आणि तिकडं लेक सोनिया बाळंत झाली.

“नात झाल्याचं मला चार दिसांनी कळलं, आक्का. पोरगी फोन लावून लावून रडली म्हणं. तवा मल्हाऱ्यानं ह्यो घेतला. आता कुठलं बी गाव, कुठलं बी दार. आमच्यासारख्या हिंडत्या माणसाला लय बरं झालं बघ.”

मनुबाईला स्वतःची लाज वाटली. आपल्या एकटीच्याच हातात किल्ली राहावी म्हणून आपण भांडत होतो आणि ही दारोदार हिंडत होती. ती एकदम सोप्याकडं तोंड करून ओरडली,

“आवं, कायदा व्हायलाच पायजे! लगीच!”

सोप्यात पेपर खाली पडल्याचा आवाज झाला.

“नातीचं नाव काय ठेवलंय?” तिनं विचारलं.

“स्वप्नाली. फोटू हाय त्यात. पर आदी चार्जिंगला लाव की.”

हरणाबाईनं पिशवीतून फोन काढून दिला. मनुबाईनं खिडकीजवळच्या बोर्डाला स्वतःचा चार्जर लावला आणि त्याची पिन नव्या फोनात सरकवली. पडदा उजळला. कोपऱ्यातली बॅटरी हिरवीगार, काठोकाठ भरलेली. शेजारी लिहिलेलं, शंभर टक्के.

तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. विहिरीपाशी मल्हारनं ती काळी पाटी घोड्यावरून उतरवून उन्हाकडं तोंड करून ठेवली होती. तिच्यातून निघालेल्या वायरीला त्याचा स्वतःचा फोन लोंबत चार्ज होत होता.

मनुबाईनं फोन अलगद पालथा ठेवला.

“किती वेळ लागंल गं?” बशीत बघत हरणाबाईनं विचारलं.

“नवा हाय न्हवं. दोन तास तरी जातील.”

“जाऊ देत की.” हरणाबाईनं भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

“अगं, सी पिन फास्ट असती!” सोप्यातून नाथाजी म्हणाले. “अर्ध्या तासात फुल्ल हुतंय—”

“आवं, तुमी पेपर वाचा,” मनुबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा आधण ठेवलं.