मोरपंखी चाकं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी हे मी म्हणायचं, तुम्ही नाही. माझं इंजिन आजही एका लाथेत बोलेल, पण लाथ मारायला आता कुणी येत नाही. मी खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात, जाळ्यांच्या खोपीत विटांवर उभी आहे. मागे चाक नाही. पुढे आहे, त्याचं पुढे सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळी होते आणि माझी चाकंही काळी होती. तारांची नव्हेत, ओतीव. पाच जाड आऱ्यांची. अलिबागच्या दुकानात उभी होते तेव्हा बंगल्यांत राहणारे कितीतरी जण आले, माझं हँडल हलवून आणि आरशात भांग पाडून निघून गेले. शेवटी चंदर आला. त्याच्या अंगाला बोंबिलांचा वास येत होता. दुकानदाराने नाकाशी रुमाल धरला. चंदरने हँडल हलवलं नाही. त्याने माझ्या अंगावरून नुसती बोटं फिरवली, एखादी फट शोधावी तशी. मला तेव्हाच कळलं, हा माणूस निगा राखणारा.

आणि तसाच होता तो. नागावपासून पुढे सगळ्या किनाऱ्यावर होडी दुरुस्त करण्यात चंदरचा हात धरणारा कुणी नव्हता. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवतात, तेव्हा त्याला जेवायला फुरसत नसे. फळीफळीवरून बोटं फिरवत जायचं, फट सापडली की तिच्यात कापूस ठासायचा, वरून लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरायची, घासून गुळगुळीत करायचं आणि मग रंग द्यायचा. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळ्या होड्या हळद लागल्यासारख्या नटून उभ्या. प्रत्येक घराचा रंग ठरलेला असतो. चंदरच्या घराचा मोरपंखी. पाण्यात दूरवर तो रंग दिसला की त्याची बायको वेणूबाई चुलीवर भात चढवायची. आमच्या कोळीवाड्यात होडी फुटली म्हणून कुणी टाकत नाही. बुजवतात.

मी त्या घरात खूप राबले. पहाटे चंदर मासे घेऊन आला की पाट्या माझ्यावर चढत आणि पाट्यांमागे वेणूबाई चढे, आणि चंदर आम्हाला बाजाराला नेई. तिच्यासारखी बसणारी दुसरी पाहिली नाही. एक पाटी मांडीवर, एक हात माझ्या मागच्या दांडीला आणि तोंड अखंड चालू. मुंबईची मोटार अंगावर आली तर ती काचेत वाकून चालवणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत पाणी, पाण्याखाली दगड. मी सगळे झेलले. एकदा मागचं चाक असं आदळलं की पाटीतली कोळंबी उडून वेणूबाईच्या अंबाड्यात बसली. सगळे हसले. मला मात्र त्या दिवशी आत कुठेतरी बारीक कळ आली. म्हटलं, राबणारीने एवढंतेवढं सांगत बसू नये.

मग चंदरची होडी गेली. तळाचा कणा कुजला आहे, आता ही होडी माणसं बुडवील, टाकून दे, असं सगळ्या जाणत्यांनी सांगितलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं आणि होडी फोडायला दिली. फोडली तेव्हा कणा वरवर काळा पडलेला निघाला. आत लाकूड लालभडक, दगडासारखं. चंदर तो तुकडा मांडीवर घेऊन वाळूत बसून राहिला. बुजवता आली असती, एवढंच तो म्हणाला. त्यानंतर तो दुसऱ्यांच्या होडीवर मजुरीने जाऊ लागला, आणि कुणी 'टाकून दे' हे शब्द काढले की त्याच्या कपाळावरची शीर उभी राहू लागली.

विकायला घरचे मासे उरले नाहीत, मग मीही तशीच पडून राहिले. बसलेल्या वस्तूला खारा वारा खातो. माझ्या चाकांचा काळा रंग पापुद्र्यांनी सुटला आणि खालून पांढरी भुकटी वर आली.

त्या घरात एक लेक होती, पूनम. ती शिकली आणि तिला अलिबागच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी घरोघर जाऊन रक्त काढून आणायचं काम. वाड्यांमधली म्हातारी माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसायची. सुई टोचली तरी कळायची नाही, असा तिचा हात. या कामाला गाडी हवी. तिला हवी होती स्कूटर, बापाने दिली मला. ती माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली की इंजिन ठीक आहे, पण हिचे पाय बघा, तांदळाच्या पिठात चालून आल्यासारखे. आता चाकांना पावडरचा रंग देतात म्हणे, भट्टीत भाजून. तो खाऱ्या वाऱ्यालाही दाद देत नाही. आपण तो देऊ या.

रंग कुठला, असं बापाने विचारलं. पूनम म्हणाली, "मोरपंखी."

चंदरने पाठ फिरवली आणि धड असलेलं एक जाळं बराच वेळ सांधत बसला.

मित्रांनो, हा रंग कसा देतात ते ऐका. तुमच्या घरच्या डब्यातल्या रंगासारखा तो नव्हे. चाकं म्हणजे माझे पाय, तेव्हा जे त्यांनी सोसलं ते मीच सोसलं. आधी टायर काढतात, आतली बेअरिंगं काढतात. मग वाळूचा झोत मारून जुना रंग असा सोलतात की चाक आईच्या पोटातून आल्यासारखं नागडं होतं. जिथे रंग जायला नको तिथे बुचं बसवतात. मग चाक आकड्याला टांगतात आणि पिचकारीने विजेचा भार दिलेली कोरडी भुकटी उडवतात. ती पिठीसारखी चाकाला चिकटून बसते. मग भट्टी. भट्टीत भुकटी वितळते, सगळीकडे पसरते आणि थंड झाली की काचेसारखी घट्ट. त्या रंगाला मी नावं ठेवणार नाही. रंग चांगलाच होता.

चंदरने चाकं नेली ती सुजितच्या दुकानात. सुजित तरुण होता, बोलायला सरळ. वाळूचा झोत मारून झाल्यावर त्याने मागचं चाक उजेडात धरलं आणि चंदरला जवळ बोलावलं.

"काका, हे बघा. आऱ्याच्या मुळाशी, रिमला मिळतो तिथं. केसाएवढी चीर हाय, पण आत गेलीय. हे टाकून द्या, दुसरं चाक आणा."

चंदरच्या कपाळावरची शीर उठली. "तू रंगारी हायस ना? रंग मार."

"रंगारी हाय म्हणून तर सांगतो. आता दिसतंय. एकदा रंग बसला की देवालाही दिसायचं न्हाय."

चंदरने दोन्ही चाकं पोत्यात घातली आणि घरी आणली. अंगणात बसून त्याने ती चीर कानशीने थोडी रुंद केली, जशी फळीची फट करतात. दोन नळ्यांमधली करडी लोखंडी लांबी कालवली, चिरेत भरली, वाळली तशी घासली. काम इतकं सुरेख की हात फिरवला तर कळू नये. वेणूबाईने विचारलं की काय भरताय, तर खड्डा पडलाय म्हणाला. तिने पुढे विचारलं नाही. त्याच्या हाताने बुजवलेली फट कधी पाणी प्यायली नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

आणि इथेच माझ्या मालकाची चूक झाली. तो काही लबाड नव्हता. होडीच्या फटीचं वैर पाण्याशी असतं. पाणी अडवलं की होडी जगली. चाकाच्या फटीचं वैर वजनाशी असतं, आणि वजन लांबीने अडत नाही. पण ज्याने जन्मभर पाण्याशीच भांडण केलं, त्याला दुसरा वैरी ओळखू कसा येणार?

दुसऱ्या गावच्या एका भट्टीवर त्याने चाकं दिली. तिथे चाकांचा ढीग पडला होता. कुणी उजेडात धरून बघितलं नाही. भट्टीत ती लांबी थोडी तापली आणि त्या जागी रंगाला घामोळ्याएवढा फोड आला. चंदरने त्यावर बोट फिरवलं, आणि बोट लगेच काढून घेतलं.

घरी आले तेव्हा माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! सगळा कोळीवाडा बघायला आला. बायका म्हणाल्या, चंदरची होडी रस्त्यावर चालायला लागली. नारळी पौर्णिमेला माझ्या चाकांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. चंदर त्या दिवशी गायला. मी गर्वाने फुगले, खोटं कशाला बोलू? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

पूनम मला घेऊन रोज पहाटे निघू लागली. टाकीवर बर्फाची पेटी, पेटीत नावं लिहिलेल्या नळ्या. थोड्याच दिवसांत माझ्या मागच्या चाकातली हवा रोज कमी भरू लागली. माझ्यासारख्या गाड्यांच्या टायरला आत ट्यूब नसते, चाक आणि टायर मिळूनच हवा धरतात. चीर जागी झाली होती. मी म्हटलं, बरं झालं, आता तरी बघतील.

पंक्चरवाल्या सदाने टायर पाण्यात बुडवून पाहिला. टायर धड. तो पूनमला म्हणाला की हवा चाकातून जात असावी, चाक उघडं करून बघू. चंदर शेजारी उभा होता.

"बघायचं काय त्यात," तो म्हणाला, "आत ट्यूब टाक."

सदाने ट्यूब टाकली. हवा थांबली. चंदरचा चेहरा असा उजळला, जणू होडी कोरडी किनाऱ्याला लागली. माझ्याकडे ओरडायला एक तोंड होतं, तेही त्याने बुजवलं.

मग मी कुरकुरले. पूनमने साखळीला तेल घातलं. मी उतारावर थरथरले. तिने नटबोल्ट आवळले. पोर निगा राखण्यात बापावर गेली होती. जे जे दिसत होतं त्या सगळ्याची तिने काळजी घेतली.

एका सकाळी खाडीच्या पुलाच्या उतारावर एक साधा गतिरोधक लागला. रोजचाच. मागचं चाक त्यावरून उतरलं आणि आरा मुळातून सुटला, त्याच्यामागून शेजारचा. मी बसले, आडवी झाले आणि तिला खाली घेऊनच घसरत गेले. मित्रांनो, याहून जास्त सांगायला लावू नका. पेटी फुटली. म्हाताऱ्यांच्या नावांच्या नळ्या डांबरावर फुटल्या, आणि कुठलं रक्त त्यांचं आणि कुठलं पोरीचं, ते रस्त्यावर कळेना.

पूनम वाचली. पाय सांधला, ती काठी घेऊन चालते. उजवं मनगट मात्र वळत नाही. त्या हाताने आता सुई धरता येत नाही. लॅबमध्ये दुसरी मुलगी आली.

मला टेम्पोत घालून इथे आणलं. बरी झाल्यावर पूनम एकदा खोपीत आली आणि तिने कोपऱ्यातलं ते मोडकं चाक डाव्या हाताने उजेडाकडे वळवलं. मोडलेल्या तोंडात करडी लांबी दिसत होती. वर मोरपंखी, आत करडी. लहानपणापासून तिने होड्यांच्या पोटात तेच पाहिलं होतं. बाप दारात उभा होता.

"बाबा, ही तुमची लांबी हाय."

चंदरने दाराच्या चौकटीवरून बोटं फिरवली.

"मना का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तू बसली नसतीस गो बाय."

"न्हायच बसले असते," पूनम म्हणाली. "चालत गेले असते."

ती काठी टेकत घरात गेली. त्यानंतर ती त्याला जेवायला वाढते, औषध देते, हाक मारली तर ओ देते. बोलत नाही.

पावसाळ्यात लोक अजून होड्या घेऊन चंदरकडे येतात. तो हात लावत नाही. वेणूबाई त्यांना सांगते, दुसरीकडे जा. तिचं ते तोंड, ज्याला मोटारी भ्यायच्या, आता तेवढंच बोलतं.

मित्रांनो, मी तुम्हाला काय शिकवणार? मला धड सांगताही आलं नाही. एवढंच ऐका. गाडीला रंग द्या, हौसेने द्या, हवा तो द्या. पण रंगाच्या आधी वस्तू नागडी होते, तेव्हा तिच्याकडे नीट बघा. आणि कुणी उजेडात धरून तुम्हाला फट दाखवली, तर त्याच्यावर रागावू नका. तो तुमचा वैरी नव्हे. पुन्हा ती कुणाला दिसणार नसते.

मध्यंतरी सुजितने निरोप पाठवला होता. पुढचं चाक शाबूत आहे, एका गिऱ्हाइकाला हवं आहे, त्यात काही खोट नाही. चंदरने चाक दिलं नाही. तो रोज खोपीत येतो, माझ्यासमोर बसतो आणि त्या धड चाकावरचा रंग पॉलिश पेपरने घासतो. भट्टीत भाजलेला तो, सहजी निघत नाही. त्याची बोटं सोलली आहेत. नखाएवढी जागा उघडी झाली की तिथे वाकून बघतो. काही सापडत नाही. मग शेजारची जागा घासायला घेतो.

पुढच्या चाकाला फट नाही, मित्रांनो. ते माझं चाक आहे, मला ठाऊक आहे. पण त्याला सांगणार कोण?