बेसमेंटमधली नीलगाय

“सांगितलं तर तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही,” पद्माकरराव म्हणाले आणि हातातली बॅटरी थेट जावयाच्या डोळ्यांवर धरून बसले.

“बाबा, उजेड नटावर!” पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला सुधन्वा ओरडला. गाडी गॅरेजमध्ये अडकवून ठेवण्यापेक्षा त्याने दिल्लीतल्या काश्मिरी गेटच्या स्पेअरपार्टच्या बाजारातून त्याच रंगाचा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, आणला होता आणि रविवारी सकाळी, गुरुग्राममधल्या त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्येच, चेपलेला फेंडर उतरवायला घेतला होता.

पद्माकररावांची लेक प्रणिता मोबाइल घेऊन बाजूला उभी होती. “विश्वास कसला बाबा, सरळ आहे सगळं. दुसरी किल्ली रामसुमेरकडे असते, आतून गाडी पुसायला. त्यानेच ठोकली. आत्ता सोसायटीच्या ऑफिसला सांगते, त्याचा गेटपास बंद करा म्हणून.”

या सोसायटीतल्या गाड्या धुण्यावरच तर रामसुमेरचं घर चालत होतं. काल प्रणिताने झापलं तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला, पण दसऱ्याला बाबूजींनी, म्हणजे पद्माकररावांनीच, किल्ली मागून नेली होती, हे काही बोलला नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला आणि लेक-जावई दोघंही लॅपटॉप उघडून अमेरिकेच्या मीटिंगला बसले. पूजलेली गाडी सीमोल्लंघनाला काढायचीच नाही म्हणजे काय? मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावणार नाही, हा लेकीला दिलेला शब्द पद्माकररावांनी खुंटीला टांगला. सीमा मात्र बेसमेंटमधल्या पहिल्याच वळणावर, खांबापाशी आली आणि फेंडर चेपला. मग प्रणिताच्या कपाटातलं नेलपॉलिश रिमूव्हर संपेपर्यंत त्यांनी फेंडरला लागलेला खांबाचा रंग पुसला होता.

“थांब, फोन करू नकोस,” ते घाईघाईने म्हणाले. “रामसुमेर नव्हे गं, नीलगाय!”

“काय?”

“अरवलीतून आलेली. चांगली घोड्याएवढी! रॅम्पवरून ऐटीत खाली उतरली. गार्डने सलाम ठोकला, त्याला वाटलं नवीन भाडेकरू. लिफ्टपाशी उभी राहून वाट बघितली, लिफ्ट काही येईना, तशी चिडली. तेवढ्यात आपल्या चकचकीत गाडीत तिला दुसरी नीलगाय दिसली. झालं! मान खाली घातली आणि दिली धडक.”

“मग आधी का नाही सांगितलंत?” सुधन्वाने बॉनेटखालचे नट काढून खिशात टाकले.

“तुमचं नाव घेणार नाही, असा रामसुमेरने मला शब्द... म्हणजे, मीच तसा शब्द दिला होता नीलगायीला.” पद्माकररावांची जीभ अडखळली. प्रणिता त्यांच्याकडे रोखून बघत होती.

सुधन्वाने दाराजवळचा शेवटचा नट सोडवला, चाकावरचं आतलं प्लास्टिक मागे सारलं आणि फेंडर दोन्ही हातांनी ओढला. तो कुरकुरत सुटला. त्याच्या आत वळलेल्या कडेतून प्लास्टरचा एक पिवळाकाळा टवका आणि झेंडूची वाळकी माळ टपकन फरशीवर पडली.

पद्माकररावांनी पटकन बॅटरी विझवली. प्रणिताने मोबाइलचा दिवा लावला, टवका उचलला, शेजारच्या पट्टेदार खांबाकडे बघितलं आणि मग वडिलांकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “नीलगायीला कधीपासून पिवळेकाळे पट्टे यायला लागले? खोटं बोलताय तुम्ही! गाडी तुम्ही ठोकलीत, आणि शिव्या मी त्या रामसुमेरला घातल्या!”