पुरं गाऱ्हाणं

मेघनाने नारळ तांदळाच्या डब्यात खुपसला, वरून तांदूळ सारखे केले आणि झाकण दाबून बसवलं. झाकणावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत ठेवली. तरी समाधान होईना. हात ओढणीला पुसत ती बाहेर गॅलरीत आली.

खाली चौकात मनवा दोरीवरच्या उड्या मारत होती. उद्या तिची नौदलाची मेडिकल. धावणं झालं, लेखी झाली, आता फक्त डॉक्टरांच्या हाताखालून जायचं राहिलं होतं. काळाचौकीच्या या चाळीतून पोलिसात गेलेले होते, बेस्टमध्ये गेलेले होते. पण मुलगी, आणि तीही समुद्रावर, हे पहिल्यांदाच. मग मंडळाच्या पोरांना कुठला धीर निघतोय? त्यांनी गेटवर बॅनर लावूनही टाकला होता. मधोमध मनवाचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा भेदरलेला फोटो आणि भोवती तिच्याहून मोठ्या आकाराचे शुभेच्छुक.

"अरे, आधी होऊ तर द्या," मेघना त्यांना म्हणाली होती.

"काकी, टेन्शन नको. निघणारच ती. तिला काय धाड भरलीये?"

पोरगं सहज बोलून गेलं. मेघनाचं मात्र तेव्हापासून कशात लक्ष लागत नव्हतं. चहा उतू जात होता, झटकलेली चादर ती पुन्हा झटकत होती.

फणसवाडीत भाड्याने राहायचे तेव्हाची गोष्ट. चार वर्षांच्या मनवाचे एका दुपारी खेळता खेळता डोळे फिरले, दातखीळ बसली. अंगात ताप नव्हता. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं, मग आणखी एकदा. गुलाबी, गोडसर औषध सुरू झालं. शाळेत जायला लागली तरी ते चालूच होतं. पुढे डॉक्टरांनीच ते बंद केलं आणि परत कधी काही झालं नाही. पण मुलीला असलं नाव एकदा चिकटलं की सुटत नाही, म्हणून मेघनाने तो सगळा प्रकार फणसवाडीतच ठेवला आणि सासऱ्यांच्या या खोलीत राहायला आली. मनवालाही कधी सांगितलं नाही. औषध कसलं, तर ताकदीचं.

आणि गेल्या आठवड्यात जेवता जेवता मनवाने विचारलं होतं,

"आई, लहानपणी मला काही झालेलं का गं? फिट, दमा, ऑपरेशन असलं काही? तिथे विचारतात."

"गोवर आलेला."

"अजून?"

"अजून काय? खा गप."

मनवाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खरंच गप खाल्लं.

तिच्या नवऱ्याचं, राजेशचं, म्हणणं सरळ होतं. "फिट म्हटलं की बाहेर. एवढी मेहनत पाण्यात. आणि तिला माहीतच नाही, तर ती खोटं कुठे बोलतेय?" मेघनाने मान डोलावली होती. पण डोळे मिटले की तिला बोटीची उंच शिडी दिसे, शिडीवर मनवा, आणि चारी बाजूंनी पाणी. सांगावं तर पोरीचं स्वप्न आपल्या हाताने मोडायचं. न सांगावं तर तिच्या जिवाशी खेळ. आई म्हणून तिला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती.

त्यात भर तात्यांची. तिचे सासरे गुणाजी, म्हणजे तात्या, गिरणीत उभं आयुष्य काढलेला माणूस. घरातलं कुणीही कुठल्याही कामाला निघालं की ते देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. गाऱ्हाण्यात काही म्हणजे काही गाळत नसत. राजेशच्या नोकरीच्या वेळी त्यांनी तो बारावीला दोनदा आपटल्याचं खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घातलं होतं. नणंदेच्या साखरपुड्याला तिच्या तापट स्वभावाचं सविस्तर वर्णन केलं होतं, तेही मुलाकडची मंडळी पोहे खात असताना. लग्न झालं हे नशीब. तात्यांना त्याचं काही नव्हतं. दुखणं सांगितलं नाही तर देव औषध कसलं देणार, असा त्यांचा रोकडा सवाल.

दिवेलागणीला तात्यांनी धोतर बदललं.

"मेघना, नारळ खय आसा?"

"संपला, तात्या. उद्या आणते."

"उद्या ता चेडू सकाळीच जातला. घरात नारळ नाय? मालवणी माणसाच्या?"

त्यांचा आवाज भिंतीपलीकडे पोचला असणार. शेजारच्या रखमाकाकू लगेच नारळ घेऊन दारात हजर. त्यांच्यामागून आणखी दोन बायका आल्या, राजेशही कामावरून येऊन टेकला. मनवा तोंड धुवायला मोरीत गेली तेवढ्यात मेघनाने तात्यांना खिडकीपाशी गाठलं.

"तात्या, पाया पडते. त्या जुन्या दुखण्याचं नाव काढू नका."

"देवापास्ना लपवू? मगे तो करतलो काय?"

"देवापासून नाही हो. मनवापासून. तिला माहीत नाही."

तात्यांनी चष्मा काढला, उगाच पुसला आणि पुन्हा घातला.

सगळे देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले. तात्यांनी नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा! गुणाजीचा कुटुंब तुझ्या पायाकडे उभा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"नात मनवा उद्या समिंदरावरच्या नोकरेसाठी डाक्टराकडे जातली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लहानपणी ह्या चेडवाक…"

तात्या थांबले. राजेशने खाली मान घातली.

"लहानपणी ह्या चेडवाक… जा काय होता, ता तुका ठावक आसा, म्हाराजा."

"व्हय…" रखमाकाकू अर्धवट म्हणाल्या आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. तात्यांचा असा पडलेला आवाज चाळीत कुणी ऐकला नव्हता. मेघनाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या म्हाताऱ्याने देवापासून कधी एक शब्द राखला नाही, त्याची जीभ तिने आज धरली होती.

तात्या पुढचं वाक्य शोधत होते. ते त्यांना सापडेना.

"तात्या, पुरं सांगा," मनवा म्हणाली.

"गो बाय…"

"राहू दे. मी सांगते. ते गुलाबी औषध कशाचं होतं, ते मला कधीच कळलंय."

तिने जोडलेले हात जरा वर घेतले. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"फणसवाडीत असताना मला फिट यायच्या, म्हाराजा. उद्या डॉक्टर विचारतील, तेव्हा मी त्यांना ते सांगणार आहे."

खोलीत कुणी हलेना. गाऱ्हाण्यात बाकीच्यांनी साथ दिल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. देवापर्यंत पोचलं की नाही, ते तिथेच कळतं. रखमाकाकूंनी तोंडावर पदर घेतला होता. राजेश मेघनाकडे पाहून बारीक मान हलवत होता, नको, नको. तात्यांनी डोळे मिटले होते. ते वाट पाहत होते.

मनवाचे हात देवाकडे होते. ती मात्र आईकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मेघनाला सोपं गेलं असतं. गेल्या आठवड्यात ताटावरून जसं पाहिलं होतं, तसंच ती आत्ताही पाहत होती.

"व्हय," मेघना म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा."