एका टोकाला आकडा, एका टोकाला जबडा

मी एक जुनी वाघीण आहे. दचकू नका, मित्रांनो. जंगलातल्या वाघिणीशी नाव सोडल्यास माझे काही नाते नाही. स्वभावाचे असलेच, तर ते मला माणसांमुळे जडले आहे. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, आणि मी तशा एका खऱ्या वाघिणीची तळहातावर मावणारी प्रतिकृती आहे. तिला जितक्या फळ्या तितक्या मला, तिच्या दाराला जितक्या बिजागऱ्या तितक्या माझ्या दाराला. माझ्या अंगावर वजनाचे आणि क्रमांकाचे जे लिखाण आहे, ते वाचायला भिंग लागते. मला कोणी खेळणे म्हटले तर मला खपत नाही. खेळणे कसेही असले तरी चालते. मला मापात राहावे लागते.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड शब्दांत सांगावी, अशी तुमची अपेक्षा असणार. ती माझ्याकडून पूर्ण होणार नाही.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात शिरले, थंड झाले आणि माझे अंग तयार झाले. मग कोणीतरी रंग दिला, कोणीतरी अक्षरे छापली, आणि मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात जाऊन बसले. तेथे मला निवडायला दोन भाऊ आले.

थोरला छापखान्यात मुद्रितशोधक होता. छापण्यापूर्वी मजकुरातल्या चुका शोधणे हे त्याचे काम, आणि ते काम तो घरीही सोडीत नसे. धाकटा दंतवैद्य होता. दुसऱ्याने तोंड उघडे ठेवायचे आणि बोलायचे आपण, याची त्याला सवय झालेली होती. असे दोघे एकाच घरात, थोरला खालच्या मजल्यावर आणि धाकटा वरच्या, राहत होते. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक खोली होती. तिच्यात मोठ्या टेबलावर त्यांनी रूळ, बोगदा, स्थानक आणि एक चढ उभारला होता.

दुकानात थोरल्याने भिंग काढून माझे एकेक अक्षर तपासले. धाकट्याने मला गल्ल्याच्या काचेवर ठेवून बोटाने हलकेच ढकलले आणि मी सरळ जाते की तिरपी, ते पाहिले. माझ्या शेजारी उभी असलेली वाघीण रंगाने माझ्याहून उजळ होती. पण तिचे एक चाक डगमगत होते आणि तिच्यावरचा एक अंक उलटा छापला होता. दोघेही एका सुरात "हीच" म्हणाले. माझ्याबाबतीत त्यांचे झालेले ते पहिले एकमत. शेवटचेही तेच.

घरी नेल्यावर माझ्या सुधारणेला प्रारंभ झाला. सुधारणा हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

प्लास्टिकची चाके काढून धातूची बसवली, हे योग्य झाले. प्लास्टिकच्या चाकांना मळ चिकटतो आणि तो मळ ती सगळ्या रुळांवर वाटत फिरतात. पुढे असे ठरले की मी फार हलकी आहे आणि वळणावर उडते. म्हणून धाकट्याने दात कोरण्याच्या यंत्राने माझ्या तळाला चर पाडला आणि त्यात शिशाची पट्टी गोंदाने बसवली. थोरल्याचा गोंदावर विश्वास नव्हता. त्याने दुसऱ्याच दिवशी त्या पट्टीतून आरपार भोके पाडून स्क्रू पिळले. धाकटा म्हणाला, भोकांनी तळ कमजोर झाला. थोरला म्हणाला, तो चरानेच झाला होता. दोघांचेही बरोबर होते, आणि मित्रांनो, दोघांचेही बरोबर असते तेव्हा वस्तूचे हाल कुत्रा खात नाही.

त्यानंतर धाकट्याने मला जुनी दिसावी म्हणून रंगवले. नवीकोरी वाघीण खरी वाटत नाही, हे त्याचे म्हणणे मला पटत होते. त्याने बिजागऱ्यांखाली तांबूस ओघळ काढले. थोरल्याने भिंग लावले.

"लाकडाला गंज चढायला कधीपासून लागला?" त्याने विचारले.

"दादा, तो बिजागरीचा गंज आहे. पावसाने फळीवर ओघळलाय."

"म्हणजे रुग्णाचा दात किडला की तू हनुवटी काळी करतोस?"

या वाक्यावर ते आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. जेवणाचे निरोप थोरल्याची बायको, जिला धाकटा वहिनी म्हणे, जिन्याच्या टप्प्यावर उभी राहून देत असे. तिला माझ्याबद्दल प्रेम नव्हते. हा डबा एके दिवशी मी केरात टाकीन, असे ती म्हणे. आणि तिच्या आवाजावरून मला ते खरे वाटे.

तरीही ते दिवस बरे होते. मी चालत होते. थोरल्याचे इंजिन पुढे, मागे आम्हा वाघिणींची रांग, आणि आमच्यामध्ये आकडे. आकडा म्हणजे एकीला दुसरीत अडकवणारी ती वाकडी तार. दिसायला ओबडधोबड, पण सुटत नसे.

मग धाकट्याने परदेशातून नव्या तऱ्हेच्या जोडण्या मागवल्या. त्या मिटलेल्या मुठीसारख्या होत्या. एक दुसरीला धडकली की आपोआप एकमेकींना धरून बसत. दंतवैद्यच तो, त्याने त्यांना जबडा असे नाव दिले. जबडा दिसायला खराखुरा होता, हे मी नाकारीत नाही. पण आकडा जबड्यात अडकत नाही आणि जबडा आकड्याला धरत नाही. बदलायचे तर सगळ्यांचे बदलावे लागते, नाहीतर कोणाचेच बदलू नये. थोरल्याने स्पष्ट बजावले की एकाही वाघिणीला हात लावायचा नाही.

एका दुपारी थोरला छापखान्यात असताना धाकट्याने मला उचलून वरच्या मजल्यावर नेले. मला चिमट्यात धरून त्याने माझ्या एका टोकाचा आकडा कापला, ती जागा घासली आणि तेथे जबडा बसवला. काम सुबक होते. तो दुसऱ्या टोकाकडे वळला, तोच दारात थोरला उभा राहिला. छापखान्यात वीज गेली म्हणून तो लवकर परतला होता.

थोरल्याने मला त्याच्या हातातून काढून घेतले. धाकटा म्हणाला, अर्धे काम झाले आहे, उरलेले करू दे. थोरला म्हणाला, तुझा हात पुन्हा हिला लागणार नाही. धाकटा म्हणाला, मग निदान जुना आकडा तरी परत बसवू दे. तेही थोरल्याने नाकारले. अशा रीतीने मित्रांनो, माझ्या एका टोकाला आकडा राहिला आणि एका टोकाला जबडा आला. दोन्ही टोकांना सारखे काही नसलेली वाघीण कोणत्या गाडीला लागणार?

पुढे दोघांनी वाघिणींची वाटणी केली. धाकट्याच्या वाट्याला आलेल्या सगळ्या जबड्याच्या झाल्या, थोरल्याच्या आकड्याच्या राहिल्या. मी थोरल्याकडे आले, पण रुळावर नव्हे. त्याने मला कापसात गुंडाळून एका डबीत ठेवले. शहरातल्या अशा छोट्या गाड्यांच्या छांदिष्टांचे दरवर्षी एका सभागृहात प्रदर्शन भरे. तेथे दोघेही आपापल्या गाड्या नेत, पण थोरला ही डबीही खिशात घालून जाई आणि भेटेल त्याला उघडून दाखवी. भाऊ असा असतो, असे म्हणे. मी पुरावा झाले होते. वर्षानुवर्षे मी वर्षातून एकदाच उजेड पाहिला, आणि तोही तक्रारीच्या सोबत.

तुम्हाला वाटेल की मला थोरल्याची कीव आली असेल. नाही आली. वस्तू जपणे आणि राग जपणे यांतला फरक त्याला कळत नव्हता. धाकट्याचीही आली नाही. त्याने मला विचारले नव्हते, हे सोडा. मी बोलत नाही. पण त्याने भावालाही विचारले नव्हते, आणि भाऊ बोलत होता.

एका वर्षी मात्र प्रदर्शनात असे घडले, की धाकट्याच्या इंजिनाने ऐन वेळी जीव सोडला. जळका वास आला आणि ते जागच्या जागी थांबले. त्याच्यामागे त्याची लांबलचक रांग उभी होती. एकेक वाघीण त्याने वर्षभर खपून सुधारली होती. चाके, वजन, रंग, जबडे, कशातही खोट नव्हती. फक्त ती जागची हलत नव्हती. त्या सभागृहातला चढ मोठा होता आणि तो चढू शकेल असे इंजिन थोरल्याचे होते. थोरल्याच्या इंजिनाला आकडा होता.

धाकटा वाघिणी एकेक उचलून खोक्यात भरू लागला. मान वर करीत नव्हता. थोरला शेजारच्या टेबलाशी उभा राहून आपले इंजिन पुसत होता, जे आधीच स्वच्छ होते. वहिनी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसली होती.

"जगाच्या चुका काढता दोघं," ती म्हणाली, "आणि दोघांत मिळून एक गाडी होत नाही."

आवाज तिने मुद्दाम खाली ठेवला नव्हता. आजूबाजूच्या माणसांनी दुसरीकडे पाहिले.

थोरल्याने खिशातून डबी काढली. कापूस बाजूला केला आणि मला रुळावर ठेवले: आकडा त्याच्या इंजिनाकडे, जबडा धाकट्याच्या रांगेकडे. जगात त्या दोन गाड्यांना जोडू शकेल अशी एकच वाघीण होती, आणि ती भांडणातून तयार झाली होती.

"ही आहे," तो म्हणाला. "कशी झाली ते आता काढायचं नाही."

"मी कुठे काढलं?" धाकटा म्हणाला. "तूच दरवर्षी काढतोस, डबीतून."

पण त्याने खोक्यातल्या वाघिणी परत रुळावर मांडल्या.

गाडी निघाली. इतक्या वर्षांनी माझी चाके फिरली, आणि मला आनंद झाला असे मी म्हणेन, तर ते खोटे ठरणार नाही. चढ लागला. पुढून इंजिन ओढत होते, मागून सगळ्या रांगेचा भार ओढत होता, आणि तो सारा ताण माझ्या अंगातून जात होता. टेबलाच्या कडेने दोघे भाऊ गाडीबरोबर चालत होते. थोरल्याची नजर आकड्यावर होती आणि धाकट्याची जबड्यावर. ज्याचे टोक सुटेल तो जन्मभर ऐकून घेणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

आकडा सुटला नाही. जबडाही सुटला नाही. मी मध्ये तुटले.

तळाच्या त्या चरात, त्या भोकांच्या रेषेत, मी काडीसारखी मोडले. पुढचे अर्धे इंजिनासोबत वर गेले. मागचे अर्धे रांगेसोबत उताराला लागले, आणि रांग वेग घेत चढाच्या पायथ्याशी असलेल्या वळणाकडे धावली. वळणापलीकडे टेबल संपत होते आणि खाली फरशी होती.

थोरला वळणाजवळ पोहोचला आणि त्याने रुळांवर आडवा हात घातला. धाकट्याच्या साऱ्या वाघिणी त्या हातावर येऊन आदळल्या आणि एकमेकींवर चढल्या. खाली एकही पडली नाही. थोरल्याच्या मनगटावर ओरखडे उठले.

धाकटा धावत आला. त्याने प्रथम वाघिणी पाहिल्या, मग हात पाहिला.

"बाहीला बटण आहे तुझ्या," तो म्हणाला. "रंग खरवडला असेल."

"पुढच्या वेळी सदरा काढून उभा राहतो," थोरला म्हणाला.

त्यानंतर चर की भोके, हा खटला भर सभागृहात उभा राहिला. तो मी तुम्हाला ऐकवीत नाही. तुम्ही तो आधीच ऐकला आहे. त्या रागातच सामान आवरले गेले. मागचे अर्धे थोरल्याच्या हाताशी पडले होते, ते त्याने खिशात टाकले. धाकटा इंजिन थांबवायला वर गेला होता, त्याने पुढचे अर्धे उचलले. घरी आल्यावर दोघांच्या ध्यानात आले की अदलाबदल झाली आहे. आकड्याचा कैवारी जबडा घेऊन खाली बसला होता आणि जबड्याचा कैवारी आकडा घेऊन वर.

माझे लिखाण मागच्या अर्ध्यावर आहे, म्हणून बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी थोरल्याच्या टेबलावर असते. त्याने माझ्या तळाला पितळेची पातळ पट्टी बसवली आहे. ती माझ्या तुटक्या कडेच्या बरीच पुढे येते, आणि पुढे आलेल्या भागात दुसऱ्या अर्ध्यासाठी भोके पाडून ठेवलेली आहेत. काम अचूक आहे. बाकी आहे ते वर जाण्याचे.

वहिनीने त्याला सांगून पाहिले. गुडघे दुखतात, हे कारण तिने मानले नाही. गच्चीवर जाताना धाकट्याच्या दारावरूनच जाता, असे तिने दाखवून दिले. थोरला म्हणाला, उतरणे सोपे असते, त्याने उतरावे. ती वर गेली. परत आली तेव्हा पदराने तोंड झाकून हसत होती, आणि ते हसणे चांगले नव्हते. धाकट्यानेही आपल्याकडच्या अर्ध्याला पितळेची पट्टी लावली आहे, असे ती म्हणाली. तीही तशीच पुढे आलेली. भोके पाडून तयार. दादाने बोलवावे, इतकेच त्याचे म्हणणे आहे.

म्हणजे आता आम्ही दोन्ही अर्धी समोरासमोर आलो, तरी एक पट्टी काढल्याशिवाय जुळणार नाही. कोणाची काढायची, हा वाद ऐकायला मी माझे मन तयार करीत आहे.

मित्रांनो, सुधारणा करू नका, असे मी म्हणत नाही. धातूची चाके मला आजही सुखाची वाटतात. पण वस्तूला हात लावण्यापूर्वी ती आणखी कोणाची आहे ते पाहा. आणि टोके पारखता तसा कधी मधला भागही उलटून पाहा. तुमच्याजवळ एखादी मोडलेली वस्तू असेल आणि ती मोडण्यात दोघांचा हात असेल, तर कोणाचा हात जास्त होता ते मागाहून ठरवा. आधी ती जोडा. गोंद वाळेपर्यंत भांडायला भरपूर वेळ मिळतो.