परण्याची डाळ

मित्रांनो, मला आडवं पडायचं आहे आणि इब्राहीमचाचा मला पडू देत नाही. लगाम ओढत तो मला पाचोडच्या रस्त्यावर चालवतो आहे. पोटात कळांवर कळा येत आहेत. तोंड चालतं आहे तोवर माझी कहाणी ऐकून घ्या.

मी अबलख, संकराचा घोडा. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा घोडदळाचा रिसाला मोडला, तेव्हा औरंगाबादच्या छावणीतला एक अरबी घोडा चाचाच्या तबेल्यात आला. तो माझा बाप. आई काठेवाडी. तिचे टोकाशी जुळणारे कान मला मिळाले, उन्हात टिकणारं अंग मिळालं. बापाकडून उंच मान, लांब पाय आणि नको तेवढं नाजूक पोट आलं. रूप बघून चाचाने मला हलगीवर नाचायला शिकवलं. चिकलठाण्यापासून पैठणपर्यंत लग्नांची बोलावणी येऊ लागली. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू! चाचाची बायको गुलशनचाची मात्र माझा घाम सुकल्याशिवाय दाण्याची पाटी पुढे करत नसे.

आज नानासाहेबांच्या मुलाचं लग्न. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो, त्याला इकडे परण्या म्हणतात. निघताना नवरदेवाची बहीण घोड्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवते. बहीण आवडाबाई मोठी परात घेऊन आली. मग गल्लीतल्या बायकाही आपापली ताटं घेऊन आल्या.

"बस करो बाई," चाचा हात जोडून म्हणाला. "घोड्याला उलटी होत नाही. गेलं ते आतच राहतं."

"चाचा, आमच्या दारातून मुकं जनावर उपाशी जाऊ द्यायचं व्हय?" आवडाबाईने आणखी एक मूठ पुढे केली. चाचाने लगाम सैल सोडला. मीही हावरटासारखा खात राहिलो.

मारुतीच्या वाटेवर पोटात पहिली कळ आली. मी पुढच्या खुराने जमीन खरवडू लागलो, मान वळवून पोटाकडे पाहू लागलो.

"वाजवा रे! घोडं लई रंगात आलंय!" नानासाहेब ओरडले. हलगी दुप्पट वाजू लागली. मी चाचाकडे पाहिलं. तोही कौतुकाने हसत होता. मित्रांनो, माझा चाचासुद्धा फसला! मी गुडघे टेकले, तर लोकांना वाटलं मी देवाला नमस्कार करतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अंग टाकलं, नवरदेव उडी मारून बाजूला झाला, तेव्हा कुठे चाचाने माझ्या मानेवर हात ठेवला. घामाने ती चिंब झाली होती.

"बंद करा! मेरा बच्चा मर रहा है!"

तेव्हापासून आम्ही चालतो आहोत. लोळलो तर आतड्याला पीळ पडेल, म्हणून चाचा थांबत नाही. ढोरांच्या डॉक्टरला आणायला नानासाहेबांनी माणूस धाडला आहे, तो अजून आलेला नाही. आवडाबाई लग्नातल्या भरजरी लुगड्यानिशी आमच्यामागे अनवाणी पळते आहे.

"चाचा, जगंल ना हो? मी काय करू, सांगा की!"

चाचा लगाम आणखी जोरात ओढतो. माझे पाय आता उचलत नाहीत. मला जगायचं आहे हो! मित्रांनो, तुमच्या दारी घोडा आला, तर भरवण्याआधी त्याच्या माणसाला विचारा. आणि तो हात जोडून नको म्हणाला, तर तेवढ्यावरच थांबा.