ओघळ आत गेला

कीर्तनात मृदंग नसला की काय होतं, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. बुवांचा आवाज असतो, टाळ असतात, मागचे टाळकरी जीव तोडून गात असतात. पण सगळं जमिनीपासून जरा वरच तरंगत राहतं. अभंगाला पाय टेकायला जागा मिळत नाही. बद्रीनाथच्या सप्ताहात यंदा तसं झालं, आणि त्याला कारण झाली पावसाच्या पाण्याची एक पाइपलाइन.

गारखेड्याच्या पुढं बायपास ओलांडला की डाव्या हाताला बद्रीनाथचं शेत होतं. बाजरी, कपाशी, बांधाला तूर. शहर सरकत सरकत बांधाला येऊन टेकलं, तेव्हा जो तो सांगू लागला, देऊन टाका एखाद्या बिल्डरला आणि मोकळे व्हा. बद्रीनाथ म्हणाला, "इकायचं तर इकू. पण कोणाला इकतो ते तोंड पाहून इकू." आणि त्यानं स्वतःच लेआउट पाडला. महानगरपालिकेत खेटे घातले, नकाशा मंजूर करून आणला, रस्ते केले, दिव्याचे खांब उभे केले. प्लॉट घेतले ते पिशोरच्या पाहुण्यांनी, भजनातल्या सोबत्यांनी, आणि लासूर स्टेशनहून इथल्या शाळेत शिकवायला आलेल्या संध्यानं. ही संध्या रोज संध्याकाळी आपल्या रिकाम्या प्लॉटवर यायची आणि हवेतच बोट फिरवून आईला दाखवायची, इथं स्वयंपाकघर, इथं देवघर.

मधोमध जुना कडुनिंब आणि त्याखालचा दगडी ओटा तसाच ठेवला होता. वर्षानुवर्षं एकादशीचं भजन तिथंच व्हायचं. नकाशात त्या जागेला 'खुली जागा' लिहिलं होतं. बद्रीनाथ हसायचा, "नकाशेवाल्याला काय ठावं! आमच्या रानातली सगळ्यात भरलेली जागा हीच."

त्या शेतातून एक ओघळ वाहायचा. पावसाळ्यात खळाळून, पुढं दिवाळीपर्यंत बारीक धारेनं, आणि मागच्या ओढ्याला जाऊन मिळायचा. पालिकेची अट होती की हे पाणी रुंद पाइपातून जमिनीखालून ओढ्यापर्यंत न्यायचं आणि मध्ये मध्ये झाकणाचे चेंबर ठेवायचे. ते काम केलं बद्रीनाथच्या चुलतभावानं, पुंजारामनं. शहरभर पाइप टाकायची कामं करणारा हा पुंजाराम भजनात मृदंग वाजवायचा. त्याचा हात पडला की म्हातारी माणसंसुद्धा बसल्या जागी डोलायची.

आता एकच गोष्ट उरली होती. पालिकेच्या इंजिनिअरनं सगळं तपासून दाखला द्यायचा, मग लेआउटला अंतिम मंजुरी, आणि मग ज्याला त्याला घर बांधायचा परवाना. पावसाच्या आत पाये भरून घ्यायचे, असा सगळ्यांचा बेत होता.

इंजिनिअर म्हणून आली सावनी. शहरातल्याच वकिलाच्या घरची, पस्तिशीच्या आतली, डोक्याला स्कार्फ आणि पायात बूट. बद्रीनाथची बायको चतुराबाई चहा घेऊन आली तर म्हणाली, "साइटवर मी काही घेत नाही, मावशी. रागवू नका."

"चहाच हाय गं माय, लाच नाय," चतुराबाई म्हणाली.

सावनी हसली, पण कप काही उचलला नाही.

पाण्याची चाचणी ठरली ती नेमकी सप्ताहात. ओट्यासमोर मांडव पडलेला, रामकिसन महाराजांचं रोज कीर्तन, बायाबापड्यांची वर्दळ. वरच्या टोकाच्या चेंबरमध्ये टँकर रिकामा केला, आणि झाडून सगळे बाप्ये ओढ्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. पाणी काही येईना. पाइपाच्या तोंडाला चिमणीला प्यायलासुद्धा पुरणार नाही एवढी ओल आली आणि थांबली. तिकडं वरचं चेंबर भरून पाणी रस्त्यावर पसरलं.

सावनीनं विचारलं, "काका, आत कोणी माती, सिमेंट, कचरा असं काही टाकलं होतं का?"

"देवाशपथ नाय, मॅडम," बद्रीनाथ म्हणाला. "झाकणं कायम बंद हायेत."

सावनीनं वाकून पाहिलं. गढूळ पाण्याखाली काही दिसत नव्हतं. "मग पाइपाचा उतार चुकला असेल," ती म्हणाली. "तसं असलं तर रस्ता फोडून लाइन पुन्हा टाकावी लागेल. मला तसं लिहावं लागेल, काका."

नवाकोरा सिमेंटचा रस्ता फोडायचा! म्हणजे पावसाळा आला, दाखला गेला, आणि घरं पुढच्या वर्षावर गेली. संध्याच्या आईनं मटकन खाली बसून घेतलं. सगळ्यांच्या नजरा पुंजारामकडं वळल्या.

"पुंजा," बद्रीनाथ म्हणाला, "लेव्हल धरली व्हती का अंदाजानं टाकले पाइप?"

"दादा, अंदाजानं म्या मृदंगावर थाप बी टाकत नाय."

"मग पाणी का उलटं चढू राह्यलं व्हय? माणसं माझ्या तोंडाकडं पाहून आले इथं. तुला घरचं काम म्हणून दिलं, आन तू घरचंच समजून उरकलं!"

चारचौघांत बोलला. पुंजाराम तडक वळला. मांडवात गेला, मृदंगाला गवसणी घातली, खांद्याला लावला. जाताना एवढंच म्हणाला, "ज्याचा हात सरळ पडतो, त्याला बोलवा दादा तुमच्या कीर्तनाला."

त्या रात्री महाराजांनी जागा रिकामी पाहिली, बद्रीनाथच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि काही न विचारता म्हणाले, "आज टाळांवरच भागवू." भागवलं. पण बद्रीनाथ विणा गळ्यात घेऊन उभा होता, आणि प्रत्येक चरणाच्या शेवटी जिथं थाप पडायची तिथं त्याच्या छातीत खड्डा पडत होता.

इकडं सावनीलाही चैन नव्हतं. शेरा लिहायला ती बसली आणि पेन थांबलं. पाणी आलं नाही, हे मी पाहिलं. उतार चुकला, हे कुठं पाहिलंय? तिनं वरिष्ठांना सांगितलं, लिहिण्याआधी लेव्हल घेऊन उतार मोजते. ते म्हणाले, "घ्या, पण लांबवू नका."

काल्याच्या आदल्या दिवशी, ऊन चढायच्या आत, ती तिपाई आणि दुर्बीण घेऊन हजर झाली. मांडवात काकडा चालू होता. मोजपट्टी धरायला माणूस हवा होता. बद्रीनाथ पुढं आला. आतलं पाणी एव्हाना झिरपून गेलं होतं, पण खोल अंधारात तळ काही दिसत नव्हता. तो एकेका चेंबरच्या तळाशी पट्टी टेकवत गेला, आणि सावनी दुर्बिणीतून आकडा वाचून लिहून घेत गेली. ओढ्याच्या तोंडाशी पोचल्यावर तिनं बेरीज-वजाबाकी केली, पुन्हा एकदा केली, आणि वर पाहिलं.

"काका, उतार बरोबर आहे. जसा नकाशात आहे तसाच."

माणसाला आनंद व्हायला हवा होता. बद्रीनाथ पट्टी धरून तसाच उभा राहिला. "म्हणजे पुंजा खरा व्हता," तो हळूच म्हणाला.

"हो. पण मग पाणी गेलं कुठं?"

दोघं परत मांडवाच्या दिशेनं निघाली. तेवढ्यात काकडा संपला आणि चतुराबाई दोन-तीन बायांना घेऊन मांडवाबाहेर आली. हातात हे एवढं टोपलं. आदल्या दिवशीचे हार, तुळशी, झेंडू, केळीची पानं, नारळाच्या शेंड्या.

"ए पोरी," तिनं सावनीला हाक मारली, "चहा नको घेऊस, पण हात तर लावशील? लई जड झालं बघ."

सावनीनं एक कान धरला. तिला वाटलं, ओढ्याकडं जायचं असेल. पण चतुराबाई ओट्याच्या पलीकडच्या चेंबरपाशी थांबली, तिथं ठेवलेली पहार उचलली, झाकणाच्या कडेला घातली आणि सवयीच्या हातानं झाकण बाजूला सारलं.

"मावशी, थांबा! काय करताय?"

"निर्माल्य सोडते."

"इथं?"

"मंग कुटं? लगीन होऊन आले तवापासून ह्याच ओघळात सोडते म्या. वाहत्या पाण्यातच सोडावं लागतंय ना? आता ह्यांनी ओघळ आत घातला. म्हणलं, जाऊ दे, देव थोडाच बदलला! त्याचं पाणी खालून जातंय, इतकंच. घाण पाणी तर नाय ना ह्यात? पावसाचंच हाय. उकिरड्यावर टाकू का मंग पांडुरंगाचे हार?"

सावनीनं टोपलं हळूच खाली ठेवलं. "कधीपासून सोडताय?"

"पाइप टाकल्यापासून. दर एकादशीला. आन आता सप्ताह, तर रोजच."

"आणि या शेंड्यासुद्धा?"

"त्या का देवाच्या नायत व्हय?"

बद्रीनाथ पट्टी हातात घेऊन मागं येऊन उभा राहिला होता. "अगं, मी त्या दिवशी देवाची शपथ घेतली सगळ्यांपुढं! झाकणं बंद हायेत म्हणलं!"

"बंदच हायेत की. उघडं ठेवाया म्या येडी हाये का? एखांदं वासरू पडंल त्यात."

"मंग तव्हाच का नाय सांगितलं?"

"मला इचारलं कोणी? तुमी सगळे बाप्ये तिकडं पाण्याची वाट पाहू राह्यले व्हते. म्या चुलीपाशी, तुमच्या पंगतीच्या भाकरी थापत."

सावनीला हसू आवरेना. ती तिथंच चेंबरच्या कडेला बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पण चतुराबाईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिला आता सगळं उमगलं.

"म्हणजे रस्ता माझ्यापायी फुटायचा व्हता? आन पुंजाभावजी... माझ्यापायी गेले ते?"

"रस्ता फुटत नाही, मावशी," सावनी तिचा हात धरून म्हणाली. "अडकलंय ते काढू. पाइप चांगले आहेत."

बद्रीनाथनं पट्टी झाडाला टेकवली, चप्पल शोधली आणि मोटारसायकल काढली.

पुंजाराम गारखेड्यातल्या आपल्या घराच्या ओसरीत बसला होता. उठला नाही. "काय दादा, चढलं का पाणी?"

"नाय चढलं. तुझ्या वहिनीनं अडवून धरलं."

सगळं ऐकल्यावर पुंजारामनं डोक्याची टोपी काढली, मांडीवर आपटली आणि खदखदून हसला. मग टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"तुमी माझ्या हातावर संशेव घेतला, दादा."

"घेतला," बद्रीनाथ म्हणाला. "ज्या हाताच्या ठेक्यावर आयुष्यभर नाचलो, त्याच्यावरच घेतला. चल."

"येतो. पण आधी काठ्या घेऊन येतो. मृदंगाचं उद्या पाहू."

एकात एक अडकवायच्या लांब काठ्या, टोकाला लोखंडी आकडा. पुंजारामनं त्या चेंबरमधून पाइपात सारल्या, फिरवल्या, ओढल्या. दोऱ्यांत दोरे, शेंड्यांत शेंड्या, वेणी घातल्यासारखा पीळ बाहेर आला, मांडीएवढा जाड. झेंडूचा रंग गेला होता, पण अजून ओळखू येत होता. चतुराबाईनं त्याला हात जोडले. मग गोंधळून विचारलं, "आता ह्याचं काय करू?"

"निंबाच्या मागं एक खड्डा करा," सावनी म्हणाली. "त्यात घाला, वरून माती. खत होईल."

"मातीत? देवाचे हार?"

ओट्यावर बसलेले रामकिसन महाराज म्हणाले, "चतुराबाई, झेंडू आला कुठून? ह्याच मातीतून ना? मग मातीत गेला तर तो माहेरी गेला, असं समजा."

माहेर म्हटल्यावर चतुराबाईला पटलं. खड्ड्यासाठी जागा तिनं स्वतः दाखवली.

काल्याच्या दिवशी सकाळी पुन्हा टँकर आला. पाणी कोणतं आणि कुठून येतं ते डोळ्यांना दिसावं म्हणून सावनीला पाण्यात रंग टाकायचा होता. चतुराबाईनं पुढं होऊन काल्याच्या गुलालातली ओंजळ वरच्या चेंबरमध्ये सोडली. या वेळी बायाही ओढ्याच्या तोंडाशी आल्या होत्या. मागं राहायला कोणी तयारच नव्हतं. आधी पाइपातून घरघर ऐकू आली, मग गार हवेचा एक झोत, आणि मग गुलाबी पाणी धो धो करत ओढ्यात कोसळलं. संध्याच्या आईनं दोन्ही हात कपाळाला लावले. पुंजाराम कोणाकडंच न पाहता आपल्या तळहातांकडं पाहत होता.

सावनीनं तिथंच शेरा लिहिला आणि वाचूनही दाखवला. काम मंजूर नकाशाप्रमाणे, दाखला देण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक चेंबरवर आतून जाळी आणि वरून कुलपाचं झाकण बसवावं.

"कुलूप लई मोठं घाला," बद्रीनाथ म्हणाला, "आन चावी हिच्या हाती लागू देऊ नका."

"चावी माझ्यापाशीच राहील," चतुराबाई म्हणाली. "तुमच्या शपथांचा काय भरवसा!"

मांडव भरला. पुंजारामनं गवसणी काढली, मृदंग मांडीवर घेतला. कीर्तन उभं राहायच्या आधी एकमेकांच्या पाया पडायची आपली रीत आहेच. पण वयानं थोरला बद्रीनाथ गळ्यातल्या विण्यासकट पुंजारामपुढं वाकला, तेव्हा पुंजाराम दचकून अर्धा उठला. "दादा, अहो दादा," एवढंच म्हणाला आणि त्यानं बद्रीनाथचे खांदे धरले. महाराज हे पाहत होते. त्यांनी फक्त डोळ्यांनी पुंजारामला खूण केली.

पहिली थाप पडली, आणि सबंध मांडव जमिनीवर आला.

कीर्तन संपून काला वाटला जात होता. चतुराबाई परात घेऊन सावनीपुढं थांबली. "ह्ये बी साइटवर चालत नाय व्हय?"

"प्रसादाला नाही म्हणायचा कायदा अजून निघाला नाही, मावशी," म्हणत सावनीनं ओंजळ पुढं केली.

चतुराबाईनं लाह्या-दह्याचा गोळा तिच्या हातात ठेवला, वर थोडं लोणचं घातलं, आणि मग काहीतरी आठवून निंबाच्या मागं बोट दाखवलं. "आन काय गं, त्या खड्ड्याला बी परवानगी लागंन का तुमची?"

"नाही, मावशी. त्याला कोणाचीच नाही लागत."

मांडवाच्या पलीकडं उन्हात संध्या आणि तिची आई आपल्या प्लॉटवर चुन्याची फक्की टाकत होत्या. देवघराची पांढरी रेघ वाकडी आली म्हणून दोघी भांडत होत्या, आणि मायलेकी दोघींच्याही कपाळाला गुलाल होता.